हेंगिस्ट खरा होता का? विकिडेटात अँग्लो-सॅक्सन दंतकथांमधले पुढारी कसे ओळखावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विकिडेटावरून (विकिपीडियाच्या जोडीचा खुला डेटाबेस) दंतकथेतल्या अँग्लो-सॅक्सन पुढाऱ्यांची, म्हणजे पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये येऊन वसलेल्या जर्मानिक टोळ्यांच्या नायकांची, यादी काढायची आहे. एक क्वेरी चालवली की जेमतेम चार नावं येतात, दुसरी चालवली की नवव्या शतकातल्या वेसेक्सच्या आल्फ्रेडसकट सगळे राजे येऊन बसतात. हेंगिस्टच्या नोंदीत 'माणूस' लिहायचं की 'दंतकथेतली व्यक्ती', आणि या सगळ्यांना मराठी लेबलं, म्हणजे नोंदीच्या माथ्यावरची नावं, कशी द्यायची? विकिडेटातल्या मध्ययुगीन राजवंशांच्या नोंदी मी बरीच वर्षं लावतोय आणि त्यातली निम्मी झटापट याच मंडळींशी झाली आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू, कारण 'दंतकथेतली' म्हणजे इंग्रजीतलं 'लिजेंडरी'. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत आपण ज्या अर्थाने 'लिजेंडरी' म्हणतो, त्या अर्थाने आल्फ्रेड नक्कीच लिजेंडरी आहे. पण त्याची नाणी आहेत, सनदा आहेत, मृत्युपत्र आहे, कायद्यांची संहिता आहे, आणि त्याच्या हयातीतच, ८९३ साली, ॲसर नावाच्या वेल्श धर्मगुरूने लिहिलेलं चरित्र आहे. गवळ्याच्या झोपडीत त्याने भाकऱ्या करपवल्याची गोष्ट मात्र तो वारल्यावर सुमारे शंभर वर्षांनी एका संतचरित्रात पहिल्यांदा भेटते. म्हणजे माणूस खरा, गोष्ट दंतकथा. लेडी गोडायव्हा (मूळ नाव गॉडगिफू) आणि नॉर्मनांशी लढलेला हेरवर्ड यांचंही तेच. दोघांची नावं १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमिनींच्या पाहणीत, जमीनधारक म्हणून आहेत. नग्नावस्थेत घोड्यावरून फेरी वगैरे नंतरची भर. या सगळ्यांच्या नोंदीत पी३१ ला, म्हणजे 'कशाचं उदाहरण' या गुणधर्माला, क्यू५ म्हणजे 'माणूस' एवढंच हवं. त्यांना तुमच्या यादीतून आधी बाहेर काढा.

उरतात ते पाचव्या-सहाव्या शतकातले, ब्रिटनमध्ये जहाजांतून उतरून राज्यं स्थापणारे मूळपुरुष. यांच्याबाबतीत 'हा खरा होता का' या प्रश्नाला उत्तर बहुधा मिळत नाही. 'हे विधान पहिल्यांदा कोणी, कधी लिहिलं' याला मिळतं. माझा सगळा अनुभव या एका वाक्यात आहे आणि खाली जे सांगतो ते त्याचंच विवरण. डेटाबेसात आपण माणसाचा निवाडा करत बसायचं नाही, विधानाचा माग लावायचा.

हेंगिस्ट आणि हॉर्सा घ्या. सॅक्सनांच्या आगमनाबद्दल लिहिणारा सर्वांत जुना ब्रिटिश लेखक गिल्डास, सहाव्या शतकातला. तो तीन जहाजांचा उल्लेख करतो, पण या दोघांपैकी एकाचंही नाव घेत नाही. नावं पहिल्यांदा येतात ती बीडच्या इतिहासात, ७३१ साली. (बीड म्हणजे जिल्हा नव्हे, जॅरोच्या मठातला भिक्षू. मराठी वर्णन लिहिताना हे लक्षात ठेवा, मी एकदा शोधपेटीत फसलो आहे.) आणि बीडही सावध आहे: पहिले नायक हेंगिस्ट आणि हॉर्सा हे भाऊ होते 'असं म्हणतात', अशी त्याची लॅटिन वाक्यरचना आहे. लगेच पुढे तो त्यांची वंशावळ देतो: बाप विहटगिस्ल, आजा विट्टा, पणजा वेक्टा आणि खापरपणजा वोडन, म्हणजे साक्षात देव. दोघांच्या नावांचे अर्थ बघा, हेंगिस्ट म्हणजे वळू घोडा आणि हॉर्सा म्हणजे घोडा. घटनेपासून पहिल्या उल्लेखापर्यंत जवळपास २८० वर्षं गेली आहेत, नावं अशी, आणि कुळ देवाचं. इतकं जमल्यावर कोणीही डोळे झाकून 'माणूस' लिहू नये. पण 'निव्वळ काल्पनिक' असंही लिहू नये, कारण तसं ठामपणे म्हणायलाही आधार लागतो. यासाठी विकिडेटात अस्तित्व वादग्रस्त असलेल्या व्यक्तींसाठी वेगळा वर्ग आहे, तो वापरा.

याहून सोपी केस म्हणजे पोर्ट. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल, म्हणजे जुन्या इंग्रजीतली वर्षवार बखर, सांगते की ५०१ साली पोर्ट नावाचा माणूस बीडा आणि मॅग्ला या दोन मुलांसह दोन जहाजांतून पोर्ट्समथला उतरला. आता पोर्ट्समथमधला 'पोर्ट' हा लॅटिन 'पोर्टुस'वरून आलेला, म्हणजे बंदर. गावाच्या नावातून माणूस काढला आणि मग त्या माणसावरून गावाचं नाव पडलं असं सांगितलं. आपल्याकडेही प्रत्येक गावाच्या नावामागे कोणीतरी ऋषी नाहीतर राक्षस बसवलेला असतोच. वाइट बेटाच्या विहटगारचा संशयही याच जातीचा: बेटाचं रोमन नाव व्हेक्टिस, जुनं इंग्रजी नाव विहट, आणि 'विहटगाराबुर्ह' म्हणजे मुळात विहटवासीयांचा गड असावा, असं सर्वसाधारण मत. 'विहटगार' हे नाव पुढे खऱ्या माणसांनाही ठेवलेलं सापडतं, त्यामुळे मी पोर्टला जितक्या बेधडक 'दंतकथेतली व्यक्ती' म्हणतो तितक्या बेधडक विहटगारला म्हणत नाही. शिवाय आल्फ्रेडच्या आजोळचं घराणं स्वतःला स्टफ आणि विहटगार यांचे वंशज म्हणवत होतं, हे ॲसर लिहितो. कोणी कोणाचा वंशज 'म्हणवत होता' हे मात्र खरंखुरं ऐतिहासिक विधान आहे आणि त्याचा संदर्भ देता येतो.

ससेक्सच्या ॲलेकडे पाहिलं की ही युक्ती कुठे थांबवायची ते कळतं. क्रॉनिकलनुसार तो ४७७ साली किमेन, व्लेंकिंग आणि चिस्सा या तीन मुलांसह तीन जहाजांतून आला, आणि ४९१ साली त्याने आणि चिस्साने अँड्रेडेसचेस्टर, म्हणजे आजचं पेव्हेन्सी, वेढून आतला एकूण एक माणूस मारला. किमेनच्या नावाचा किनारा (किमेनेसोरा), व्लेंकिंगवरून लॅन्सिंग, चिस्सावरून चिचेस्टर. तीन मुलगे, तीन गावं. मुलांवर पोर्टचाच नियम लावा. बापावर मात्र लावता येत नाही. हंबर नदीच्या दक्षिणेच्या सगळ्या राज्यांवर वर्चस्व मिळवणाऱ्या सात राजांची यादी बीड देतो, आणि त्यात पहिलं नाव ॲलेचं आहे. बीडच्या काळी ससेक्स हे काही बलाढ्य राज्य नव्हतं. त्याच्या मूळपुरुषाला उगाच पहिला मान देण्यात कोणाचा फायदा होता, हा प्रश्न विचारला की ॲलेचं वजन वाढतं. तारखा मात्र क्रॉनिकलच्या, म्हणजे नवव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या, घटनेनंतर चारशे वर्षांनी. म्हणून ॲलेच्या नोंदीत मी 'माणूस' ठेवतो आणि ४७७ हे साल संशयित म्हणून खूण करतो. एकाच नोंदीतली दोन विधानं वेगवेगळ्या विश्वासाची असू शकतात, हे इथे छान दिसतं.

जहाजांचे आकडे तुमच्या लक्षात आले असतीलच. बीडच्या हेंगिस्टची तीन, ॲलेची तीन, चेर्डिकची पाच, पोर्टची दोन, ५१४ सालच्या स्टफ-विहटगार यांच्या नोंदीत पुन्हा तीन. हा ठरीव साचा आहे. 'जहाजांची संख्या' म्हणून कोणी हे आकडे डेटाबेसात भरले तर मी काढून टाकतो.

साच्यावरून आठवलं. नवशिके लोक एक चूक हमखास करतात: हेंगिस्ट-हॉर्सा, चेर्डिक-किनरिक (मूळ लिखाणात दोन्ही 'सी'ने सुरू होतात), अशी अनुप्रास जुळलेली जोडी दिसली की लगेच दंतकथेचा शिक्का. लोंबार्डांचे इबोर आणि आयो, व्हँडलांचे राओस आणि राप्टोस अशा इतर जर्मानिक टोळ्यांतल्या जोड्यांमुळे हा संशय निराधार नाही. पण आल्फ्रेडच्या भावांची नावं बघा: एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड. बापाचं नाव एथेलवुल्फ. आद्याक्षर जुळवून नावं ठेवायची ही या लोकांची राजघराण्यांतली रोजची पद्धत होती. त्यामुळे नुसता अनुप्रास हा पुरावा नव्हे. जोडी, जहाजं, गावाचं नाव आणि देवापर्यंतची वंशावळ यातलं किती एकत्र आलं ते बघायचं.

चेर्डिक हा माझा आवडता, कारण तो कुठल्याच खान्यात नीट बसत नाही. वेसेक्सच्या राजघराण्याचा मूळपुरुष, क्रॉनिकलनुसार ४९५ साली आला, ५१९ साली राजा झाला, ५३४ साली मेला. पण त्याचं नावच सॅक्सन नाही. ते ब्रिटन लोकांचं, म्हणजे सॅक्सनांआधी तिथे राहणाऱ्यांचं, केल्टिक वळणाचं नाव आहे. सॅक्सन मूळपुरुष कल्पनेतून घडवायचा असता तर कोणी त्याला शत्रूचं नाव कशाला दिलं असतं? म्हणून तो माणूस म्हणून मला जास्त खरा वाटतो आणि त्याच्या तारखा कमी खऱ्या वाटतात. क्रॉनिकलमध्ये सुरुवातीच्या काही घटना १९ वर्षांच्या अंतराने दोनदा आल्यासारख्या दिसतात, हे अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवलं आहे. डेव्हिड डम्व्हिल यांनी १९८५ मध्ये वेसेक्सच्या राजावळ्या ताडून पाहिल्या आणि मूळ हिशोबात चेर्डिकची कारकीर्द ५३८ ते ५५४ अशी असावी असा निष्कर्ष काढला. विकिडेटात हे दोन्ही हिशोब शेजारी शेजारी राहू शकतात, प्रत्येकाला आपापला संदर्भ जोडून. एक खोडून दुसरा लिहिणं ही तिथे चूक धरली जाते.

आता वंशावळी. इथे खरा सापळा आहे. पी२२ म्हणजे 'वडील' हा गुणधर्म धरून आल्फ्रेडपासून वर चढत जाणारी क्वेरी चालवा. एथेलवुल्फ, एग्बर्ट, एल्हमुंड, एफा, एओपा, इंगिल्ड... असं करत चॉलिन, किनरिक, चेर्डिक, मग एलेसा, एस्ला, गेविस, विग, फ्रेआविने, फ्रेओथोगार, ब्रँड, बॅल्डॅग आणि वोडन. क्रॉनिकल तर ८५५ च्या नोंदीत नोहा आणि आदमपर्यंत जातं. या साखळीत इतिहास कुठे संपला ते सांगणारी पाटी कुठेही नाही. इंगिल्डचा भाऊ राजा इने, तो पक्का. एओपा आणि एफा ही फक्त नावं, पण न मानण्याचं कारण नाही. चेर्डिकच्या वरची मंडळी मात्र उसनी आहेत: ब्रँड, बॅल्डॅग हे नॉर्थंब्रियाच्या बर्निशिया घराण्याच्या वंशावळीतून उचलले असल्याचं केनेथ सिसम यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं. हेमाद्रीने दिलेली देवगिरीच्या यादवांची वंशावळ ज्याने वाचली आहे त्याला यदूपर्यंत चढणारी ही शिडी अनोळखी वाटणार नाही. राजाला कूळ हवं असतं, आणि ते लावून देणारा विद्वान पदरी असतो.

गंमत म्हणजे एसेक्सच्या राजांची वंशावळ वोडनला टाळून सॅक्सनेट नावाच्या दुसऱ्याच देवापाशी थांबते. म्हणून 'वोडनचे वंशज' ही अट घालून यादी काढलीत तर एसेक्स अख्खं गळेल. उलट पेंडा, एडविन असे बीडच्या इतिहासातले पक्के राजे आत येतील, कारण त्यांच्याही वंशावळी वोडनपर्यंत जातात. वोडनपासून खाली मोजू नका. प्रत्येक घराण्यात समकालीन पुरावा असलेला पहिला राजा कोण ते शोधा आणि तिथून वर जा. केंटमध्ये तो एथेलबर्ट: ५९७ साली ऑगस्टीनचं ख्रिस्ती मिशन त्याच्याच दरबारात आलं, त्याचे कायदे उपलब्ध आहेत, ६१६ साली तो वारला. त्याचा बाप एओर्मेनरिक हा सीमेवरचा. त्याच्या वरचे ऑक्टा, ऑइस्क, हेंगिस्ट हे धुक्यातले.

आणि त्या धुक्यात बाप-मुलगासुद्धा अदलाबदल होतात. बीडच्या मते हेंगिस्टचा मुलगा ऑइस्क, त्याचा ऑक्टा, आणि केंटच्या राजांना ऑइस्किंग म्हणतात ते याच ऑइस्कवरून. नवव्या शतकातली हिस्टोरिया ब्रिटोनम क्रम उलटवते: हेंगिस्टचा ऑक्था, ऑक्थाचा ओसा. वेसेक्समध्येही तसंच. क्रॉनिकलची ४९५ ची नोंद म्हणते किनरिक हा चेर्डिकचा मुलगा. ॲसर म्हणतो किनरिक क्रेओडाचा मुलगा आणि क्रेओडा चेर्डिकचा. अशा वेळी किनरिकच्या नोंदीत 'वडील' या गुणधर्माखाली दोन किमती (व्हॅल्यू) द्यायच्या, चेर्डिक आणि क्रेओडा, आणि प्रत्येकीला 'कुठे म्हटलं आहे' हा संदर्भ जोडायचा. सॉफ्टवेअर तुम्हाला इशारा दाखवेल की वडील एकच असायला हवेत. दाखवू द्या. 'विकिपीडियावरून आयात' एवढाच संदर्भ असेल तर तो नसल्यासारखाच समजा, मूळ ग्रंथाचं नाव, भाग आणि प्रकरण लिहा. बीडचा हेंगिस्ट पहिल्या पुस्तकाच्या १५व्या प्रकरणात आहे, सात राजांची यादी आणि ऑइस्किंग दुसऱ्या पुस्तकाच्या ५व्या प्रकरणात.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. सुरुवातीच्या काळात उत्साहाच्या भरात मी 'इ.स. ६०० पूर्वी गादीवर आलेला इंग्लंडमधला राजा' अशी एकच अट लावून क्विकस्टेटमेंट्स या घाऊक संपादनाच्या साधनातून सगळ्यांवर 'दंतकथेतली व्यक्ती' ठोकून दिली. त्यात केंटचा एथेलबर्ट सापडला. इंग्रजी भाषेतली पहिली कायदेसंहिता देणारा माणूस एका दुपारी मी पुराणात ढकलला होता. दुसऱ्या एका संपादकाने चर्चापानावर अगदी सभ्य भाषेत विचारलं, 'याचे कायदे कोणी लिहिले मग?' सगळी बॅच उलटवायला पुढचे दोन रविवार गेले. तेव्हापासून या विषयात मी एकेक नोंद हाताने करतो.

रँकबद्दलही, म्हणजे विधानांना दिलेल्या अग्रक्रमाबद्दल, इथेच सांगून टाकतो, कारण तुमच्या चार नावांच्या यादीचं कारण बहुधा हेच आहे. एखाद्या नोंदीत पी३१ च्या दोन किमती असल्या, 'माणूस' आणि 'दंतकथेतली व्यक्ती', आणि कोणी 'माणूस'ला प्राधान्याचा रँक दिला, तर क्वेरीतला नेहमीचा 'डब्ल्यूडीटी' उपसर्ग फक्त प्राधान्याचीच किंमत आणतो. दुसरी किंमत पानावर ढळढळीत दिसते, यादीत येत नाही. सगळ्या किमती हव्या असतील तर 'पी' आणि 'पीएस' या उपसर्गांनी विधानापर्यंत जाऊन मग किमतीपर्यंत जावं लागतं. त्यात नापसंत रँकची विधानंही येतात, ती वेगळी गाळा. शिवाय 'दंतकथेतली व्यक्ती' या एकाच वर्गावर अवलंबून राहू नका. त्याचे उपवर्ग घ्यायला पी२७९ ची साखळी जोडा, आणि अस्तित्व वादग्रस्त असलेल्यांचा वर्ग स्वतंत्रपणे 'किंवा' म्हणून घाला.

तारखांचा त्रास याहून चिवट. बीडने ४४९ दिलं आहे ते मार्सियन आणि व्हॅलेंटिनियन या रोमन सम्राटांच्या राज्यारोहणाचं साल म्हणून. त्यांनी सात वर्षं राज्य केलं आणि 'त्या काळात' सॅक्सन आले, एवढंच तो म्हणतो. म्हणजे आगमनाची तारीख ४४९ अशी ठोक न लिहिता 'लवकरात लवकर ४४९, उशिरात उशिरा ४५६' अशा दोन क्वालिफायरांनी, म्हणजे विधानाला जोडायच्या पुरवण्यांनी, लिहायला हवी. हॉर्साचा मृत्यू ४५५ साली एल्सफर्डजवळच्या लढाईत झाला हे क्रॉनिकलचं म्हणणं. बीड फक्त तो लढाईत मारला गेला आणि पूर्व केंटमध्ये त्याच्या नावाचं स्मारक आहे, इतकंच सांगतो. दोन्हीची सरमिसळ करून बीडच्या नावावर ४५५ टाकलेलं मी पाहिलं आहे. जिथे सालच नाही तिथे जन्ममृत्यूच्या रकान्यांत ओढूनताणून काही भरू नका, 'कार्यकाळ' हा गुणधर्म त्यासाठीच आहे. आणि एक तांत्रिक खोच: 'पाचवं शतक' असं भरलं की आत ते ५०० हे साल आणि शतकाची अचूकता असं साठवलं जातं. तुमच्या क्वेरीत '५०० पेक्षा कमी' अशी अट असेल तर पाचव्या शतकातली ही सगळी माणसं बिनबोभाट गळतात. तुमच्या यादीला हेही नडलं असणार.

नावसाधर्म्याकडे आता येऊ, कारण नोंदी एकत्र करण्याच्या बटणाने या क्षेत्रात सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. ॲले किंवा ॲला नावाचे राजे तीन: ससेक्सचा (४७७ वाला), डेरा या उत्तरेतल्या राज्याचा, ज्याच्या नावावर पोप ग्रेगरीने 'ॲलेलुया' अशी कोटी केल्याची गोष्ट बीड सांगतो, आणि नॉर्थंब्रियाचा, जो ८६७ साली यॉर्कला व्हायकिंगांशी लढताना पडला. ऑफा तर आणखी अवघड. मर्सियाचा ऑफा (७५७ ते ७९६) पूर्ण ऐतिहासिक, वेल्सच्या सीमेवरचा त्याच्या नावाचा बांध अजून उभा आहे. त्याच्याच वंशावळीत बराच वर दुसरा ऑफा बसला आहे, अँगल्स लोक अजून युरोपच्या भूमीवर होते तेव्हाचा त्यांचा राजा. विडसिथ या जुन्या इंग्रजी कवितेत त्याने एका तलवारीच्या जोरावर फिफेलडोर, म्हणजे आयडर नदीपाशी सीमा आखल्याचं येतं. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात त्याचं कौतुक येतं, आणि इ.स. १२०० च्या सुमारास सॅक्सो ग्रामॅटिकस डॅनिश इतिहासात त्याला वेर्मुंडचा मुलगा उफे म्हणून रंगवतो. म्हणजे हा पुढारी अँग्लो-सॅक्सन परंपरेतला, पण ब्रिटनमध्ये कधी पाऊल न ठेवलेला. तुमची क्वेरी केंट, वेसेक्स, मर्सिया अशा राज्यांवर बेतलेली असेल तर तो येणारच नाही. त्याला 'कोणत्या कृतीत आढळतो' या गुणधर्माने पकडावं लागतं. आणि उफे व ऑफा यांच्या दोन नोंदी सापडल्या तर संदर्भ तपासून एक करायला हरकत नाही, हा अपवाद.

हेंगिस्टच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. बेओवुल्फमधल्या फिन्सबुर्हच्या प्रसंगात हेंगेस्ट नावाचा एक योद्धा आहे: नायक ह्नॅफ पडल्यावर तो उरलेल्या तुकडीचं नेतृत्व करतो, फ्रिजियन राजा फिनशी तह करतो आणि शेवटी सूड उगवतो. केंटचा तो हाच का? टॉल्किन यांनी एकच मानला, अनेकांना ते पटत नाही. अशा ठिकाणी दोन नोंदी वेगळ्या ठेवून पी४६० म्हणजे 'हाच असल्याचं म्हटलं जातं' हा दुवा द्यायचा, मत कोणाचं ते संदर्भात लिहायचं. एकदा एकत्र केलेली नोंद पुन्हा सोडवणं म्हणजे कालवलेल्या दहीभातातून दही काढणं आहे. भाषांचे दुवे, बाह्य ओळखक्रमांक, सगळं मिसळलेलं असतं.

बाह्य क्रमांकांवरून: अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमधल्या नोंदल्या गेलेल्या व्यक्तींचा पेस नावाचा मोठा डेटाबेस आहे, लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि केंब्रिजच्या अभ्यासकांनी केलेला. पडताळणीसाठी उत्तम. पण त्याची व्याप्ती सहाव्या शतकाच्या अखेरीपासून ११व्या शतकाच्या अखेरीपर्यंत आहे. तिथे क्रमांक नाही म्हणून माणूस दंतकथेतला, असा निष्कर्ष काढू नका.

आर्थर, व्होर्टिगर्न, अँब्रोसियस हे तुमच्या यादीत आले असतील तर काढा. ते ब्रिटन, म्हणजे हेंगिस्टच्या विरुद्ध बाजूचे (व्होर्टिगर्नने सॅक्सनांना बोलावलं असं परंपरा म्हणते, पण तो ब्रिटनच). क्रॉनिकलने ५०८ साली ५००० माणसांसह मारलेला नाटानलेओडही ब्रिटन राजा, आणि तोसुद्धा पोर्टसारखा जागेच्या नावातून उपजलेला दिसतो. बेओवुल्फ स्वतः गेआट, आजच्या दक्षिण स्वीडनकडचा. काव्य जुन्या इंग्रजीत आहे एवढ्यावर तो अँग्लो-सॅक्सन ठरत नाही.

राहिली मराठी लेबलं. जुन्या इंग्रजीत ए आणि इ यांच्या आधीचा सी बहुतेक वेळा 'च' होतो. चिस्सामधला तो च चिचेस्टरमध्ये आजही ऐकू येतो. म्हणून मी मुख्य लेबल 'चेर्डिक' देतो आणि आजच्या इंग्रजी उच्चाराप्रमाणे 'सर्डिक' हे उपनावात टाकतो, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हीकडून सापडतं. किनरिकमध्ये मात्र 'क'च राहतो. जोडअक्षर 'एससी' म्हणजे 'श', त्यामुळे हेंगिस्टच्या मुलाचं क्रॉनिकलमधलं नाव 'ॲश' होतं, 'ॲस्क' नव्हे, आणि बीडच्या लॅटिनमधला 'ऑइस्क' उपनाव म्हणून राहू द्या. वर्णनात 'दंतकथेतील राजा' असा निकाल लावण्यापेक्षा 'परंपरेनुसार केंटचा पहिला राजा' असं लिहिलं की पुढच्या संपादकाशी भांडण होत नाही. एकाच भाषेत लेबल आणि वर्णन ही जोडी दोन नोंदींना सारखी चालत नाही, तेव्हा तिन्ही ॲलेंना नुसतं 'अँग्लो-सॅक्सन राजा' लिहायला गेलात तर दुसऱ्यालाच सिस्टम अडवेल. 'ससेक्सचा राजा, ५वे शतक', 'डेराचा राजा, ६वे शतक' आणि 'नॉर्थंब्रियाचा राजा, मृत्यू ८६७' असं लिहा.